छंदमेळाव्याचं घडीपत्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात हस्तकलेचे छंदमेळावे भरवणारी मंडळं, महिला गट आणि शाळांतले कलाशिक्षक पत्रक छापण्याआधी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी घडी आणि मजकूर, मग फोटो, अक्षरं, छपाई आणि शेवटी अडचणीचे प्रसंग असा क्रम आहे.

१. छंदमेळाव्याचं माहितीपत्रक करायचंय. आधी मजकूर लिहू की थेट डिझायनरकडे जाऊ?

दोन्हींच्या आधी घडी ठरवा. एक कोरा ए४ कागद आडवा धरा, तीन भागांत घडी घाला आणि पेन्सिलीने पानांवर 'पुढचं', 'मागचं', 'आत वळणारं', 'आतलं १, २, ३' असं लिहा. हा कच्चा नमुना दोनदा उघडून मिटून पाहिला की वाचणाऱ्याच्या नजरेला आधी काय पडणार आणि नंतर काय, ते कळतं. मग प्रत्येक पानाला त्याचं काम द्या (प्रश्न ४) आणि त्यानंतर लिहायला बसा. उलट क्रमाने गेलं की दीड हजार शब्दांचा मजकूर तयार होतो, तो बसवायला डिझायनर अक्षर लहान करत जातो आणि शेवटी ते चष्मा लावूनही वाचवत नाही. दोन घड्यांच्या ए४ पत्रकात फोटोंसह ४५० ते ५५० शब्द नीट मावतात. त्यापुढचं सगळं छाटायचं.

२. घड्या किती घालाव्यात? आणि ए४ आकारच घ्यावा का?

बहुतेक मेळाव्यांना दोन घड्या, सहा पानं हेच योग्य. उघडल्यावर आतली तीन पानं सलग मिळतात आणि दोन दिवसांचं वेळापत्रक आरामात बसतं. कार्यशाळा पाच-सहाच असतील आणि येणाऱ्यांत ज्येष्ठ जास्त असतील तर एकच घडी घाला. ए५ आकाराची चार पानं होतात आणि अक्षर मोठं घेता येतं. दारासारखी उघडणारी दोन पाखांची घडी दिसते सुंदर, पण बऱ्याच ठिकाणी ती हातानेच घालावी लागते. हजार प्रतींना तो खर्च आणि वेळ परवडत नाही.

आकाराबाबत प्रेसला पहिला प्रश्न विचारा: कागद कोणत्या शीटचा आहे? १८ × २५ इंची शीटमधून कडेच्या जादा रंगासकट (कापताना निघून जाणारी रंगीत पट्टी) चार ए४ निघतात. १८ × २३ इंची शीटमधून निघत नाहीत, कारण दोन ए४ची लांबी ५९४ मिमी आणि शीट ५८४ मिमी. अशा ठिकाणी ८.५ × ११ इंचाचं डिझाइन करा. हे न विचारता ए४ फाइल दिली की प्रेसवाले ती थोडी आक्रसून बसवतात आणि घड्यांची सगळी मापं सरकतात.

३. घडी घातल्यावर आतलं पान मुडपतं, फुगतं. चूक कुठे होते?

तिन्ही पानं सारखी, म्हणजे ९९-९९-९९ मिमी घेतल्यामुळे. आत वळणारं पान २ ते ३ मिमी अरुंदच हवं. ए४साठी मापं अशी: बाहेरच्या बाजूला डावीकडून आत वळणारं ९७, मागचं १००, पुढचं १००. आतल्या बाजूला डावीकडून १००, १००, ९७. दोन्ही बाजूंचा क्रम एकमेकांच्या उलट येतो आणि इथेच सर्वांत जास्त फाइली चुकतात. ८.५ × ११ इंचाला ९१-९४-९४ धरा.

घडीच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी जागा मजकुराविना सोडा. पार्श्वभूमीचा रंग बरोबर घडीवर बदलू नका. फोल्डिंगमध्ये अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होतंच आणि मग शेजारच्या पानाच्या रंगाची बारीक रेघ पुढे दिसते.

४. कोणत्या पानावर काय यावं?

पुढच्या पानावर मेळाव्याचं नाव, एकच फोटो, तारीख-वार आणि ठिकाण. नाव पानाच्या वरच्या तिसऱ्या भागात घ्या, कारण लोकरीच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्याशेजारी पत्रकं उभी ठेवली की तेवढाच भाग दिसतो. मागच्या पानावर पत्ता, नकाशा, संपर्क. आतल्या तीन पानांवर वेळापत्रक, कार्यशाळा आणि शुल्क.

राहिलं ते आत वळणारं पान. पुढचं पान उघडलं की सर्वांत आधी हेच समोर येतं आणि ते बहुतेक वेळा जाहिरातींना देऊन वाया घालवलं जातं. इथे नवख्या माणसाच्या शंका घ्या: मला काहीच येत नाही, चालेल का? मुलाला घेऊन येऊ का? साहित्य आणायचं का? नुसतं बघायला आलं तर चालेल का? उंबरठ्यावर थांबलेला माणूस याच पानाने आत येतो.

प्रमुख पाहुण्यांचे गोल फोटो आणि स्वागतोत्सुकांची यादी या पत्रकात नको. तो मान निमंत्रणपत्रिकेत द्या.

५. कार्यशाळांची माहिती किती तपशिलात द्यायची?

एवढी, की वाचणाऱ्याला फोन करावा लागू नये. नमुना बघा:

'क्रोशे, पहिली ओळख. शनिवार, सकाळी ११ ते १. वय १२ पुढे. २० जागा. सुती दोरा आणि ३.५ मिमीची सुई मिळेल, कात्री आणावी. दोन तासांत एक कोस्टर पूर्ण होईल.'

यातलं शेवटचं वाक्य बहुतेक पत्रकांत राहून जातं आणि खरं तर लोक त्याच वाक्यावर पैसे भरतात. आपल्या हातून काय तयार होणार, हे त्यांना हवं असतं. 'क्रोशेचे मूलभूत तंत्र' यातून ते कळत नाही.

काही कलांत वस्तू त्याच दिवशी घरी नेता येत नाही. रेझिन घट्ट व्हायला साधारण २४ तास लागतात, पूर्ण पक्कं व्हायला आणखी जास्त. मातीचं भांडं आधी वाळवावं लागतं, मग भाजावं लागतं. वस्तू कधी मिळेल ते, उदाहरणार्थ 'रेझिनची वस्तू रविवारी दुपारी मिळेल', तिथेच छापा. नाहीतर शनिवारी संध्याकाळी टेबलापाशी वाद होतात. रेझिनच्या ओळीत हातमोजे आणि मास्कचा उल्लेख हवा. चर्मकामात चामडं कापायची रापी आणि भोकं पाडायची आरी हाताळायची असते, तिथे किमान वय ठळक अक्षरांत द्या.

६. शुल्क छापावं की 'संपर्क साधावा' म्हणावं?

छापावं. प्रवेश मोफत असेल तर 'मोफत' लिहा आणि कार्यशाळेचं शुल्क वेगळं, 'साहित्यासह' की 'साहित्य सोडून' हे स्पष्ट करून द्या. आकडा नसला की लोक तो जास्तच असेल असं धरून चालतात.

७. पत्ता कसा द्यायचा? कोल्हापुरात तर सगळ्यांना माहीतच असतं.

कोल्हापूरकरांना माहीत असतं. पण कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, सांगली, निपाणीहून येणाऱ्यांसाठी तो लिहायचा असतो. नुसतं 'स्टँडजवळ' म्हणू नका. मध्यवर्ती बसस्थानक, रंकाळा आणि संभाजीनगर असे वेगवेगळे स्टँड आहेत. समजा मेळावा दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात आहे. मग 'मध्यवर्ती बसस्थानक किंवा रेल्वे स्टेशनवरून व्हीनस कॉर्नरमार्गे दसरा चौक' अशी एक ओळ बाहेरच्या माणसाला पुरते. नकाशात सगळे रस्ते नकोत. तीन-चार खुणा, एक बाण आणि गाड्या कुठे लावायच्या ती जागा बस.

तारखेबरोबर वार द्याच. नवरात्रात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत मेळावा असेल तर गर्दीमुळे गाडी लांब लावावी लागेल, हेही एका ओळीत सांगा.

८. कागद कोणता घ्यावा?

मोठ्या प्रमाणात वाटायचं असेल तर १३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये) आर्ट पेपर, म्हणजे लेप दिलेला गुळगुळीत कागद. दुकानांत ठेवायला, हाताला भरीव लागायला हवं असेल तर १७० जीएसएम मॅट, पण त्याला घडीआधी क्रीझिंग (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं) करून घ्या. क्रीझिंग न करता घडी घातली तर कडेला रंग तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. गडद रंगावर ती जास्तच दिसते. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला समांतर यावी, हे फाइल देतानाच प्रेसला सांगा.

पत्रकात भरून द्यायचा फॉर्म असेल तर आर्ट पेपर नको. त्यावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही, बोट लागलं की पसरते. अशा वेळी पूर्ण पत्रक ९० ते १०० जीएसएम मॅपलिथोवर (लेप नसलेला, लिहिता येणारा कागद) छापा किंवा फॉर्म वेगळ्या साध्या कागदावर द्या. आणि फाडून द्यायच्या फॉर्मच्या पाठीमागे काय येतंय ते जरूर बघा. तिथे वेळापत्रक आलं तर फॉर्मबरोबर तेही निघून जातं.

९. वस्तूंचे फोटो कसे काढायचे? मोबाइलचे चालतील का?

चालतील. खिडकीतून येणारा, पण थेट ऊन नसलेला उजेड घ्या. फ्लॅश बंद. रेझिन, मणी आणि चांदीच्या तारेवर समोरून उजेड पडला की पांढरा डाग येतो, म्हणून उजेड बाजूने येऊ द्या आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. वस्तूचं माप कळायला हात, कात्री किंवा दोऱ्याचा गुंडा चौकटीत असू दे. लिहिलेल्या मापापेक्षा त्यावरून अंदाज लवकर येतो. तयार वस्तूपेक्षा काम चालू असलेल्या हातांचा फोटो मुखपृष्ठाला चांगला. सुईत अडकलेला फास, खाली अर्धी विणलेली ओळ.

मुखपृष्ठ भरून फोटो घ्यायचा तर जादा कडेसह १,२२० × २,५५० पिक्सेल लागतात (३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके). व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक खास अडचण विणकाम, क्रॉसस्टिच आणि हातमागाच्या कापडात येते. कापडाच्या विणीच्या रेषा आणि छपाईच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडून फोटोत लाटा दिसू लागतात. स्क्रीनवर त्या नसतात, छापल्यावर येतात. उपाय असा: इतक्या जवळून काढा की एकेक टाका मोठा दिसेल किंवा कापड थोडं तिरकं ठेवा. फोटो जास्त धारदार करू नका.

१०. स्क्रीनवरचा लालभडक रंग छापल्यावर मळका का झाला?

स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, कागदावर चार शाया असतात. निऑन लोकर, विजेरी निळा, पोपटी हे रंग चार शायांत येतच नाहीत. जरीचा सोनेरी रंग गेरूसारखा पिवळट-तपकिरी दिसतो. फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये (याच चार शायांच्या रंगपद्धतीत) उघडा, म्हणजे धक्का शेवटी बसणार नाही. मुखपृष्ठासाठी मुळातच छपाईत टिकणारे रंग असलेली वस्तू निवडा: हळदी, विटकरी, गडद निळा, मातीचा. जरीकाम दाखवायचंच असेल तर बाजूने उजेड पाडून त्याची चमक आणि सावली पकडा. सोनं रंगापेक्षा चमकेने ओळखू येतं.

११. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बरोबर होता, डिझाइनमध्ये अक्षरं फुटली. का?

तुम्ही युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकांवर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) टाइप करता आणि अनेक डिझायनर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये काम करतात. मजकूर रूपांतरित करावा लागतो आणि त्यात ठरावीक जागी घोळ होतो. आपल्या विषयात तर 'दोऱ्याचे', 'दुसऱ्या', 'विणणाऱ्यांसाठी' हे शब्द पावलोपावली. त्यांतला अर्धा र अनेकदा रफार होऊन बसतो आणि 'दोर्याचे' छापलं जातं. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर थेट चिकटवला की वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू करा. फोटोशॉपमध्ये लांब मजकूर करूच नका.

युनिकोडमध्ये मुक्त, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी हे मोफत फॉण्ट चांगले आहेत. ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात का, ते निवडण्याआधी तपासा. फाइल प्रेसला देताना अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे चित्राच्या रेषांत) बदला, पण मूळ फाइल वेगळी ठेवा. कर्व्ह केल्यावर एक वेलांटीसुद्धा दुरुस्त करता येत नाही.

१२. अक्षर किती मोठं असावं?

मूळ मजकूर ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १६ पॉइंट. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या हिशोबाने अंतर धरलं की ओळी एकमेकींत अडकतात. वेळापत्रकात ९.५ पर्यंत उतरता येतं, त्याखाली नको. गडद फोटोवर पांढरं बारीक अक्षर टाळा. चार शाया पसरून मात्रा आणि अनुस्वार बुजतात. काळा मजकूर फक्त १००% काळ्या शाईचा हवा, चार शायांचा काळा नको.

१३. क्यूआर कोड छापायचा तर काय बघायचं?

आकार २० मिमीपेक्षा कमी नको, २५ चांगला. भोवती कोडातल्या चार ठिपक्यांइतकी कोरी जागा, पांढऱ्यावर गडद रंग. कोडात भरलेला वेबपत्ता लहान असला की चौकट विरळ येते आणि स्वस्त मोबाइलवरही लगेच वाचली जाते. मोफत सेवेतून घेतलेला बदलता कोड (ज्याचा वेबपत्ता नंतर बदलता येतो) मुदत संपल्यावर बंद पडू शकतो. थेट वेबपत्त्याचा साधा कोड घ्या. घडीवर कधीही ठेवू नका.

पैसे भरण्याचा कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. संपर्कासाठीही कार्यकर्तीचा घरचा नंबर देऊ नका. हजारो कागदांवर गेलेला नंबर परत घेता येत नाही आणि मेळाव्यानंतरही तिला नको ते फोन येत राहतात. वेगळं सिम घ्या, फोन घेण्याची वेळ छापा. कोड वापरता न येणाऱ्यांसाठी तो नंबर कोडाशेजारीच हवा.

१४. किती प्रती छापायच्या? डिजिटल की ऑफसेट?

अंदाजे ३०० पर्यंत डिजिटल (फाइलवरून थेट छपाई), ५०० पुढे ऑफसेट (आधी प्लेट बनवून छपाई). मधल्या आकड्यांना दोन्हींचे दर विचारा. डिजिटलला शक्यतो १३ × १९ इंची कागद मागा; १२ × १८ मध्ये जादा कडेसह दोन ए४ बसवताना मशीनला लागणाऱ्या कोऱ्या कडेसाठी जागा उरत नाही.

ऑफसेटला प्लेटचा खर्च मुख्य. चार ए४ बसणाऱ्या शीटवर दोन बाहेरच्या, दोन आतल्या बाजू एकाच प्लेटसंचावर (दर शाईला एक प्लेट) लावून कागद उलटवून छापला की आठऐवजी चार प्लेटांत काम होतं. हजार प्रतींना २५० शीट आणि वर ५० ते ७५ वाया जाणाऱ्या धरा. ही मांडणी डिझायनरला नाही, प्रेसला सांगायची.

१५. प्रेसला फाइल कशी द्यायची?

पीडीएफ, दोन पानं (बाहेरची बाजू, आतली बाजू), सीएमवायके, चारही कडांना ३ मिमी जादा रंग, कटिंगच्या खुणा. घडीच्या खुणा छापील भागाबाहेर तुटक रेषेने द्या, आत दिल्या तर त्याही छापल्या जातात. सोबत प्रश्न १ मधला घडी घातलेला कागदी नमुना द्या. फोनवरच्या चार सूचनांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

१६. प्रूफमध्ये नेमकं काय तपासू?

कागदावरचं प्रूफ मागा, मूळ मापात कापून घडी घाला. मग मजकूर न लिहिलेल्या माणसाला वाचायला द्या. तारीख आणि वार दिनदर्शिकेशी ताडा. छापलेला नंबर बघून प्रत्यक्ष फोन लावा, कोड छापील कागदावरून स्कॅन करा. प्रश्न ११ मधले शब्द शोधून बघा. सर्वांत मोठ्या अक्षरांतलं शीर्षकही वाचा. सगळे बारीक मजकूर तपासतात आणि चूक तिथे राहते.

१७. जुलै-ऑगस्टमध्ये छपाई करायची आहे. पावसाचा काही फरक पडतो?

पडतो. कागद दमट हवेत ओल ओढतो आणि कडा लहरी होतात, मग चार रंग नीट एकावर एक बसत नाहीत. शाई उशिरा वाळते आणि गट्ठ्यातल्या एका कागदाचा रंग दुसऱ्याच्या पाठीला लागतो. या दिवसांत पानभर गडद रंग टाळा, पहिली बाजू छापल्यावर आणि घडीआधी एक-एक दिवस जादा धरा. पत्रकं प्लास्टिकमध्ये बांधून घ्या, गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. पुराच्या दिवसांत रस्ते बंद झाले तर बाहेरगावची वाटणी अडते, म्हणून ती आधी उरका.

१८. वर्तमानपत्रात घालून वाटावं की हाताने?

वर्तमानपत्रातून पत्रक घरोघरी जातं, पण सगळ्याच घरांत छंद नसतो. लोकर, मणी, स्टेशनरी, शिवणसाहित्याची दुकानं, शिवणक्लास, वाचनालयं इथे पाचशे प्रती जास्त काम करतात. मेळाव्याच्या तीन आठवडे आधी पत्रकं दुकानांत पोहोचायला हवीत. त्याआधी प्रेसचे सात दिवस, प्रूफचे दोन-तीन, डिझाइनचे आठ-दहा असा उलटा हिशोब मांडा.

१९. मुखपृष्ठावर कोल्हापुरी चपलेचं चित्र वापरावं का? चप्पल बांधणीची कार्यशाळाही आहे.

चित्र वापरा, पण शब्द जपून. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागात बनलेल्या वस्तूलाच ते नाव, अशी नोंद) मिळालं आणि महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, हाताची बांधणी हा त्या नावाचा आधार. दोन तासांच्या कार्यशाळेत रेक्झिनचा पट्टा चिकटवायचा असेल तर तिला 'कोल्हापुरी चप्पल बनवा' म्हणू नका. 'चर्मकामाची ओळख: चपलेची वेणी गुंफणे' असं खरं ते लिहा. आणि शिकवणारा कारागीर असेल तर त्याच्या संमतीने त्याचं नाव द्या, त्या ओळीवर पहिला हक्क त्याचा आहे.

२०. इंटरनेटवरचे फोटो, कार्टूनच्या बाहुल्यांचे नमुने, मुलांचे फोटो चालतात का?

इंटरनेटवर सापडलेला फोटो काढणाऱ्याच्या मालकीचा असतो, कॉपीराइट कायदा १९५७ त्यालाही लागू होतो. खाली नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. विणकामाचा तक्ता, भरतकामाचा छापील नमुना यांनाही हेच. प्रसिद्ध कार्टूनची विणलेली बाहुली मुखपृष्ठावर टाळा, ते पात्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि फोटोखाली मुलाचं नाव, शाळा देऊ नका. चेहऱ्याऐवजी हात दाखवले (प्रश्न ९) तर फोटोही चांगला येतो.

२१. प्रायोजकांचे लोगो किती आणि कुठे?

मागच्या पानाच्या तळाशी एक पट्टी, सगळ्यांची उंची सारखी. लोगो व्हेक्टर फाइलमध्ये (कितीही मोठा केला तरी न फुटणारा) मागा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून वापरलेला लोगो धूसर येतो आणि देणगीदार नाराज होतो.

२२. छापून झालं आणि तारीख किंवा हॉल बदलला. आता?

पुन्हा छापण्याआधी हिशोब करा. बदल एका ओळीचा असेल तर स्टिकर लावा. कागद अपारदर्शक हवा, नाहीतर खालची जुनी तारीख दिसते आणि गोंधळ दुप्पट होतो. स्टिकर जुन्या ओळीपेक्षा चारही बाजूंनी २ मिमी मोठा, पार्श्वभूमीच्या रंगाशी न जुळणारा घ्या. बदल लपवायचा नाही, दिसू द्यायचा. तारीख पुढच्या पानावर आणि वेळापत्रकात, हॉल पुढच्या पानावर आणि मागे असतो, त्यामुळे प्रतीमागे दोन स्टिकर मोजा. वाटलेल्या प्रतींसाठी ज्या दुकानांत पत्रकं ठेवली त्यांची यादी लागते. ती वाटतानाच आकड्यासह लिहून ठेवा आणि बदल झाल्यावर उरलेला गठ्ठा उचलून नवा ठेवा.